कर्ता कोण तें विचारा

(रत्नागिरी जिल्ह्यांतील एका खेड्यांत शिमग्याच्या दिवसांत मराठी शाळेच्या पडवींत सभा भरली होती. त्या सभेंत तेथील शिक्षकांनीं केलेलें भाषण.)



पालखी घरोघर फिरून काल देवळांत बसली. ढोलांचा आवाज अजून कानांत आहे, नाचून पाय दुखत आहेत, आणि अशा वेळीं हा मास्तर इंग्रजी व्याकरण सांगणार म्हटल्यावर मागची कांहीं मंडळी हळूच उठण्याच्या बेतांत आहेत, तें मला येथून दिसतें. बसा. फार वेळ घेणार नाहीं, आणि कोणाला फळ्यापाशीं उभें करणार नाहीं.

या भाषणाला कारण झाली एक म्हैस. आपल्याच वाडींतल्या एका वहिनींनीं मागल्या महिन्यांत मला विचारलें, "गुरुजी, पोराला तालुक्याला इंग्रजी बोलायच्या क्लासाला घालायचं म्हणतो. फी मोठी आहे. म्हैस काढली तर भागेल. काढूं का?" मीं सांगितलें, काढूं नका. पण नुसतें "काढूं नका" म्हटल्यानें मास्तराचें काम संपत नाहीं. त्या क्लासांत आरंभीं जें शिकवितात तें मीं या पडवींत फुकट सांगितलें पाहिजे. म्हैस गोठ्यांत राहावयाची असेल तर तुम्हांलाहि तासभर बसलें पाहिजे.

पूर्वीं पोथी सोवळ्यांत असे. हात लावावयाचा नाहीं, अर्थ विचारावयाचा नाहीं, कोणी वाचील तें ऐकून मान हालवावयाची. तीच जागा आतां आपल्या घरांत इंग्रजीला मिळाली आहे. कागद आला कीं आपण तो दोन्ही हातांनीं धरतों, शिकलेला माणूस शोधतों, तो सांगेल तें खरें मानतों आणि तो दाखवील तेथें सही करतों.

जोतीराव फुले यांनीं पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकून १८४७ सालीं आपलें इंग्रजी शिक्षण पुरें केलें. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें त्यांनीं जें निवेदन दिलें तें इंग्रजींत. खेड्यांतल्या शाळेंत काय शिकवावें हें त्यांत सांगितलें आहे: मोडी व बालबोध वाचणें-लिहिणें, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, शेतीचें प्राथमिक ज्ञान. आणि त्याच यादींत व्याकरणहि आहे. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. शेतकऱ्याच्या मुलाला हिशेब आला म्हणजे पुरे, व्याकरण हें पंडितांचें काम, अशी आपली समजूत. जोतीरावांची नव्हती. शिक्षक होईल तितका शेतकरी वर्गांतला असावा, आणि नांगराचें रुमणें किंवा सुताराचा वाकस हातीं धरण्याची त्याला लाज नसावी, असेंहि त्यांनीं त्याच निवेदनांत मांडलें. सावित्रीबाईंच्या १८५४ सालच्या 'काव्यफुले' या संग्रहांतहि इंग्रजी शिकण्याविषयीं कविता आहे.

आपल्या जिल्ह्याचेंच उदाहरण घ्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें मूळ गांव मंडणगड तालुक्यांतलें आंबडवे. त्यांचे वडील रामजी सुभेदार पलटणींतल्या शाळेंत शिक्षक होते. मुलाचें इंग्रजी पक्कें व्हावें म्हणून त्यांनीं तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचीं पुस्तकें घरीं त्याच्याकडून करवून घेतलीं आणि नेमका शब्द कसा शोधावा तें शिकविलें, असें चरित्रकारांनीं लिहिलें आहे. तर्खडकरांचीं तीं पुस्तकें आपल्या कित्येक पिढ्यांनीं घांसलीं. त्यांत गुण एक: मुलाला ठाऊक असलेल्या मराठीवरून तीं इंग्रजीकडे नेतात. मीहि आज त्याच वाटेनें जाणार आहें. तुम्ही म्हणाल, सुभेदार शिकलेले होते, आम्हांला एबीसीडी येत नाहीं, आम्हीं घरीं काय करावें? त्याचें उत्तर माझ्यापाशीं आहे, तें शेवटीं देतों.

आतां मुख्य गोष्ट.

नांगराला दोन बैल लागतात, तसे इंग्रजी वाक्याला दोन लागतात. एक कर्ता, म्हणजे ज्याच्याविषयीं बोलावयाचें त्याचें नांव. दुसरें क्रियापद, म्हणजे त्यानें काय केलें किंवा तो कसा आहे हें सांगणारा शब्द. दोन्ही असले तर वाक्य पुरें. एक नसला तर शब्द कितीहि भारी असोत, नांगर हालत नाहीं.

मराठीलाहि हे दोन लागतातच. दादोबा पांडुरंगांनीं १८३६ सालीं मराठी भाषेचें व्याकरण छापलें तेव्हांपासून कर्ता, कर्म, क्रियापद हे शब्द शाळेंत घोकले जात आहेत. मग आपला मुलगा इंग्रजींत अडतो कोठें? तो अडतो तो अशा ठिकाणीं, जेथें मराठींत एक बैल डोळ्यांना दिसला नाहीं तरी काम चालतें.

दारांतून कोणी "आलों" एवढेंच म्हणालें, तर चुलीपाशीं बसलेल्या माणसाला काय काय कळतें पाहा. बोलणारा स्वतःविषयीं सांगतो आहे आणि तो पुरुष आहे. "आलीस?" म्हटलें कीं समोर बाई आहे किंवा मुलगी आहे, आणि एकटी आहे. "आलांत?" म्हटलें कीं मान देऊन विचारलें, नाहींतर चारजण आले. "मी", "तूं", "तुम्ही" यांतला एकहि शब्द उच्चारला नाहीं, तरी क्रियापदाच्या शेपटावर सगळी खूण आहे. आतां इंग्रजी घ्या. आय केम, यू केम, शी केम, दे केम. "केम" तें "केम"च. त्याच्या अंगावर कोणाचीहि खूण नाहीं. म्हणून आपला मुलगा पत्रांत "केम फ्रॉम मुंबई यस्टर्डे" असें लिहितो, तेव्हां त्याच्या मनांत "काल मुंबईहून आलों" हें पुरें वाक्य असतें, आणि वाचणाऱ्याला मात्र कळत नाहीं कीं मुलगा आला, कीं मामा आला, कीं पार्सल आलें. मुलगा मठ्ठ नाहीं. मराठीनें त्याला लावलेली संवय तो इंग्रजींत घेऊन गेला, इतकेंच.

इंग्रजीलाहि एके काळीं अशीं शेपटें होतीं. तीं झिजून गेलीं. चालू काळांत एक उरलें आहे, "ही कम्स, शी कम्स" यांतला "स". आणि नेमका तोच एक उरलेला "स" आमचीं पोरें गाळतात! पण तो गाळला तरी अर्थ निदान कळतो. कर्ता गाळला तर अर्थच जातो. म्हणून मी तपासतांना "स" साठीं अर्धा गुण कापतों आणि कर्त्यासाठीं पुरा.

मराठींत याहूनहि पुढची मौज आहे. "उजाडलें." "सांजावलें." "मळमळतें." कोण उजाडलें? कोणीच नाहीं. या क्रियापदांना वेगळा कर्ता नाहींच. इंग्रजीला हें चालत नाहीं. सातबाऱ्यावर जसें कोणाचें तरी नांव लागलेंच पाहिजे, आणि जमिनीला धनी नसला तर सरकारचें लागतें, तसें इंग्रजींत कर्ता नसला तर "इट" चें नांव लावतात. "इट इज रेनिंग." "इट इज कोल्ड." मुलें मला विचारतात, गुरुजी, हा "इट" कोण? मी सांगतों, कोणी नाहीं, रकाना रिकामा राहूं नये म्हणून बसविलेला आहे. तो न बसवितां "इज कोल्ड टुडे" म्हटलें तर रकाना रिकामा.

हें झालें कर्त्याचें. आतां क्रियापद गळतें कसें तें पाहूं. मराठींत आपण "हापूस महाग", "शाळा लांब", "बाबा शेतावर" असें म्हणतों, आणि "आहे" मनांत ठेवतों. इंग्रजींत तें मनांत ठेवतां येत नाहीं. "माय फादर फार्मर" हें वाक्य नव्हे. "माय फादर इज अ फार्मर" म्हटलें पाहिजे. एवढें बहुतेक मुलांना दोन-तीनदां सांगून कळतें. पण "आहे" दुसऱ्या एका जागीं असें लपून बसतें कीं मोठींहि फसतात.

आपल्या गांवचा एक मुलगा, आयटीआय पुरी केलेला, मोटारीचें इंजिन सुटें करून पुन्हा बसविणारा. एका कारखान्यांत मुलाखतीला गेला. त्यांनीं विचारलें, सध्यां काय करतोस? हा म्हणाला, "आय वर्किंग इन गॅरेज." समोरचे साहेब हंसले. तो घामाघूम होऊन बाहेर आला आणि थेट माझ्याकडे येऊन म्हणाला, "गुरुजी, शब्द तर सगळे आले होते." खरेंच आले होते. एक आला नव्हता. कां आला नव्हता? त्याच्या मनांतलें मराठी वाक्य होतें, "गॅरेजांत काम करतोंय." हा "करतोंय" उकलून पाहा. "करतों आहें" याचें बोलतां बोलतां "करतोंय" झालें. "आहें" त्या शेवटच्या "य" मध्यें दडलें आहे. मुलानें "करतों" चें "वर्किंग" केलें आणि "य" चें कांहींच केलें नाहीं. त्या "य" चें इंग्रजी "अ‍ॅम". "आय अ‍ॅम वर्किंग." एवढा "य" त्याला कोणी पूर्वींच उकलून दाखविला असता तर! मींच दाखवावयास हवा होता. पांचवी ते सातवी तो माझ्याच वर्गांत बसत होता.

२००० सालापासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधीं पांचवीपासून असे. मी स्वतः पांचवींत एबीसीडी गिरवली. आतांचीं मुलें पहिलींतच मँगो, कॅट, अंब्रेला म्हणतात, आणि घरचे खूष होतात. शब्दांची टोपली भरते. पण टोपलींतले आंबे म्हणजे झाड नव्हे. मुलाला शंभर शब्द येतात आणि "मला ताप आहे" हें सांगतां येत नाहीं, असें मीं पुष्कळदां पाहिलें आहे.

ताप म्हटल्यावर आठवलें. मुंबईस असलेल्या आपल्या एका भगिनीनें मुलाच्या शाळेंत चिठ्ठी पाठविली: "माय सन इज फीव्हर." म्हणजे माझा मुलगा हा ताप आहे. तसें प्रत्येक आईला कधीं ना कधीं वाटतें, पण चिठ्ठींत तिला तें लिहावयाचें नव्हतें. येथें गोम अशी कीं, मराठीचें "आहे" दोन कामें करतें. "मी शेतकरी आहें" यांत तें एक काम करतें, आणि "मला दोन भाऊ आहेत", "आमच्याकडे चार कलमें आहेत" यांत दुसरें. इंग्रजींत या दोन कामांना दोन वेगळे शब्द आहेत. मराठी वाक्यांत ज्याच्या अंगाला "ला" किंवा "कडे" चिकटलें आहे, तो माणूस इंग्रजींत उठून पहिल्या जागीं कर्ता होऊन बसतो, आणि "आहे" चें "हॅव" किंवा "हॅज" होतें. माय सन हॅज फीव्हर. आय हॅव टू ब्रदर्स. वुई हॅव फोर मँगो ट्रीज. "मला भूक लागली" यांतहि तसेंच. मराठींत या वाक्याचा कर्ता भूक आहे. मी नुसता "मला" होऊन बाजूला उभा. आपल्या वाडवडिलांच्या घरांत भुकेनें कर्तेपण फार दिवस केलें, म्हणून कीं काय, भाषाहि तशीच आहे! इंग्रजींत मात्र "आय अ‍ॅम हंग्री", मी कर्ता.

शब्दांच्या जागेविषयीं थोडक्यांत. "बिबट्यानें बैल मारला" किंवा "बैल बिबट्यानें मारला", कसेंहि म्हणा, मराठींत मारणारा बिबट्याच, कारण "नें" त्याच्या गळ्यांत आहे. इंग्रजींत "नें" नाहीं आणि बैल-बिबट्या ओळखावयाचे ते जागेवरून. जो क्रियापदाच्या आधीं, तो करणारा. "द लेपर्ड किल्ड द बुल." शब्द उलटे ठेवले तर बैलानें बिबट्या मारला असें होईल, आणि भरपाई मिळण्याऐवजीं वनखातें तुमच्याच दारांत उभें राहील. अर्थात् भरपाईचा अर्ज तुम्हीं मराठींतच करावा. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानें मराठी ही या राज्याची राजभाषा आहे. इंग्रजी शिकावयाचें तें मराठी टाकून देण्यासाठीं, असें मी म्हणतों आहें असा समज करून घेऊं नका.

पुरतें बोलूनहि वाक्य अपुरें राहण्याचा एक प्रकार आहे, तो रजेच्या अर्जांत हटकून दिसतो. "अ‍ॅज आय अ‍ॅम सफरिंग फ्रॉम फीव्हर." आणि पूर्णविराम! यांत कर्ता आहे, क्रियापद आहे, तरी वाक्य पुरें नाहीं. "अ‍ॅज" म्हणजे "ज्याअर्थीं". ज्याअर्थीं मला ताप आहे... बरें मग, पुढें काय? मराठींत आपण "ज्याअर्थीं" म्हटलें तर "त्याअर्थीं" म्हणावेंच लागतें, "जरी" म्हटलें तर "तरी", "जर" तर "तर". आपल्याला जोडीची संवय. म्हणून आपला मुलगा एकतर पहिल्या अर्ध्यावर थांबतो, नाहींतर इंग्रजींतहि जोडी लावतो: "दो ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट." इंग्रजींत एकच पुरे. "दो" असेल तर "बट" नको, "बट" असेल तर "दो" नको. "बिकॉज" पासून सुरू केलें तर दुसरें अर्धें वाक्य आल्याशिवाय थांबावयाचें नाहीं.

आणि तो रजेचा अर्जच एकदां नीट पाहा. मीं तो जसा शिकलों तसा कित्येक वर्षें मुलांकडून घोकून घेतला. "आय बेग टू स्टेट." मी सांगण्याची भीक मागतों. "युवर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट." आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक. आठवींतल्या मुलाला ताप आला, यांत भीक कसली मागावयाची, आणि तो सेवक कोणाचा? या वाक्यांचा अर्थ मुलांना ठाऊक नव्हता, आणि खरें सांगावयाचें तर मीहि कधीं थांबून पाहिला नव्हता. आतां मी एवढेंच लिहवून घेतों: "आय हॅव फीव्हर. आय कॅननॉट कम टु स्कूल टुडे. प्लीज गिव्ह मी लीव्ह फॉर टू डेज." तीन वाक्यें. पहिल्या दोहोंत कर्ता पुढें उभा आहे. तिसऱ्यांत तो नाहीं, कारण विनंती किंवा आज्ञा करतांना ऐकणारा समोरच असतो, तेवढ्यापुरती इंग्रजी कर्त्याला सूट देते. माझ्या वर्गांतल्या एका मुलीनें असा अर्ज आपल्या मनानें लिहून आणला तेव्हां मला पाठ केलेल्या पानभर अर्जाहून त्याचें जास्त कौतुक वाटलें.

आतां जें सांगणार आहें तें आमच्या घरचें आहे. वडीलधाऱ्यांपैकीं कांहींजणांना तें अर्धेंमुर्धें ठाऊक असेल.

१९९८ सालीं माझे थोरले बंधु आखातांत कामाला निघाले. मी तेव्हां मराठी अध्यापक विद्यालयांत पहिल्या वर्षाला होतों. मुंबईच्या एका दलालानें कराराचा कागद पाठविला, सगळा इंग्रजींत. घरांत इंग्रजी शिकलेला मी एकटा. आई चुलीपुढें बसली होती, दादा ओट्यावर, आणि मी दिव्याखालीं ऐटीनें तो कागद वाचून दाखवीत होतों. त्यांत एक ओळ होती: "द कॉस्ट ऑफ पॅसेज विल बी रिकव्हर्ड फ्रॉम वेजेस." मला शब्द ठाऊक होते. कॉस्ट म्हणजे खर्च. पॅसेज म्हणजे प्रवास. रिकव्हर म्हणजे परत मिळविणें. मीं सांगितलें, "दादा, जाण्याचा खर्च परत मिळणार आहे." दादांनीं सही केली. आईनें देवापुढें साखर ठेवली.

परत मिळणार होता हें खरें. कोणाला, तें मीं पाहिलें नाहीं. तिकिटाचा खर्च मालक आधीं करणार होता आणि मग तो दादांच्या पगारांतून वसूल करणार होता. "फ्रॉम वेजेस" हे दोन शब्द तेथें स्पष्ट होते. पहिले पांच महिने दादांच्या हातीं जेवणापुरतें उरलें आणि घरीं कांहीं आलें नाहीं. सोनाराकडे आईच्या कानांतलें गेलें, आणि त्या सालीं कलमांचें पीक मोहोरावरच आगाऊ पैशांत व्यापाऱ्याला देऊन टाकावें लागलें. दादांनीं मला एका शब्दानें बोल लावला नाहीं. त्यांना आजहि वाटतें कीं कागद एक होता आणि मालकानें केलें दुसरें. खरें असें कीं कागदांत होतें तेंच त्यानें केलें. चुकला तो वाचणारा. मालकानें फसविलें असतें तर मला झोप तरी लागली असती.

त्या ओळींतलें व्याकरण नीट पाहा. क्रियापदाच्या आधींच्या जागीं कोण बसला आहे? "कॉस्ट", खर्च. पण खर्च कांहीं करतो काय? वसूल करणारा दुसराच, आणि तो वाक्यांत नाहींच. आपल्या जिल्ह्याला हा प्रकार नवा नाहीं. १९४९ च्या कायद्यानें खोती गेली. त्याआधीं कागदावर नांव खोताचें आणि कसणारा कुणबी, हें आपल्या आज्यांनीं पाहिलेलें आहे. इंग्रजींतल्या या रचनेंत तसेंच आहे. कर्त्याच्या जागेवर नांव एकाचें, करणारा दुसरा, आणि तो पडद्यामागें. सरकारी मराठींतहि ही चाल आली आहे. "रक्कम वसूल करण्यांत येईल." "अर्ज नामंजूर करण्यांत आला आहे." "असें कळविण्यांत येतें." कोण करणार, कोणीं केला, कोण कळवितो? कागद बोलत नाहीं.

म्हणून ज्यांना थोडें वाचतां येतें त्यांनीं एवढें करावें. इंग्रजी कागद हातीं आला कीं प्रत्येक ओळींतलें क्रियापद बोटानें धरा. मग विचारा, हें करणारा कोण? तो त्याच्या आधींच्या जागीं असला तर ठीक. "विल बी रिकव्हर्ड", "शॅल बी पेड", "इज रिजेक्टेड" अशी जोडी दिसली तर समजा कीं करणारा बहुधा लपला आहे. तेथें पेन खालीं ठेवा. देणाऱ्याला विचारा, "बाय हूम?" कोणाकडून? पैशाची गोष्ट असेल तर "फ्रॉम" आणि "टु" शोधा: "फ्रॉम" च्या पुढें ज्याचें नांव त्याच्या खिशांतून जातें, "टु" च्या पुढें ज्याचें नांव त्याच्या खिशांत येतें. उत्तर तोंडी दिलें तर त्याला म्हणावें, तेवढें कागदावर लिही. तो चिडला तर सही दुसऱ्या दिवशीं करा.

आतां ज्यांना मुळींच वाचतां येत नाहीं त्यांच्या प्रश्नाचें उत्तर. रामजी सुभेदारांसारखें इंग्रजी तुम्हांला येत नाहीं, मान्य. तें येण्याची गरजहि नाहीं. संध्याकाळीं मूल इंग्रजी पुस्तक घेऊन बसेल तेव्हां त्याला एक ओळ वाचावयास सांगा. मग दोन प्रश्न मराठींतच विचारा: "कोण?" आणि "काय केलं?", किंवा "कसा आहे?" मुलानें दोन्हींचीं उत्तरें दिलीं तर त्याला वाक्य कळलें. एकाचें दिलें आणि दुसऱ्याला अडलें, तर एक बैल सुटला आहे, त्याला पुन्हा पाहावयास सांगा. मुलानें स्वतः लिहिलेल्या ओळीलाहि हेच दोन प्रश्न. भाकरी थापतां थापतां हें होतें, त्याला चष्मा लागत नाहीं. मागल्या रांगेंत बसलेल्या एका आजींनीं दिवाळीपासून हें चालविलें आहे. त्यांचा नातू परवां मला म्हणाला, "गुरुजी, आजी 'कोण' विचारायची थांबतच नाहीं." मीं म्हटलें, थांबूं देऊं नकोस.

म्हैस वाचलेल्या वहिनी समोरच बसल्या आहेत. त्यांच्या मुलाला आणि आणखी ज्यांना यावयाचें असेल त्यांना दर रविवारीं दुपारीं याच पडवींत बसवूं. मोठ्यांनींहि यावें. येतांना घरांत जो इंग्रजी कागद असेल तो आणावा: औषधाच्या बाटलीबरोबरचा, बँकेचा, विम्याचा, मुंबईच्या खोलीच्या भाड्याचा, कोणताहि. एकेक ओळ घेऊन करणारा शोधूं. चाकरमानी मंडळी परवांच्या गाडीनें परतणार. त्यांनीं आपले कागद उद्यां सकाळीं घेऊन यावें, मी शाळेंतच आहें. दादांचा १९९८ चा कागद आईनें ट्रंकेंत ठेवलेला आहे. पहिल्या रविवारीं तोच फळ्यावर लिहूं.